सुरूच्या बनातलं दुसरं ताट

बोंबील वाळायला लागले की ते बोईसरच्या बाजारात आधी नाकाला कळतं. दिवाळी होऊन गेलेली असते, पहाटे पंखा बंद करावासा वाटतो, आणि एखाद्या सकाळी भाजी घेताना शेजारून नवापूरकडची कुणी बाई टोपली घेऊन जाते. तिच्या पदराला तो वास असतो, खारट आणि उन्हात तापलेला. बाकीच्या बायका एक तर नाकाला पदर लावतात, नाहीतर टोपलीमागे धावतात. मी दोन्ही करत नाही. मी त्या बाईकडे नीट बघून घेते. कुठून आली, कुठे चालली, एकटीच आहे की बरोबर कुणी आहे.

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. दूधवाला हसून बोलला की मी दूध उकळायच्या आधी बोटावर घेऊन बघते. शेजारणीने न मागता लोणचं दिलं तर तिचं काय काम अडलंय याचा विचार लोणचं संपेपर्यंत करते. संशयाला औषध नाही म्हणतात. नसू दे. औषध मागितलंय कुणी? माझा संशय बहुतेक वेळा खराच निघतो. फक्त निघतो तेव्हा मी धरलेल्या रंगाचा नसतो, एवढंच.

यंदाही तो वास आला आणि मला ती थंडी आठवली. थंडी म्हणजे इथली ती काय. स्वेटर कपाटातून निघतो आणि खुर्चीच्या पाठीवर पडून राहतो. पण हवा कोरडी होते, कारखान्यांच्या बाजूचा वास सकाळी खाली बसतो आणि समुद्र जवळ आल्यासारखा वाटतो. अशाच दिवसांत मी माझ्या वडिलांवर पाळत ठेवली होती.

आमचं मूळ कराडकडचं. अण्णांनी उभी हयात तारापूरच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात काढली. निवृत्तीनंतरही त्यांच्या नखांच्या कडा निळसरच राहिल्या. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, आमचे हे दुसऱ्या एका कारखान्यात पाळीवर. चार-सहा महिने अण्णा निमूट राहिले. मग एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "सुमे, एक काम मिळालंय. ऱ्हायची सोय हाय."

काम म्हणजे नवापूर आणि पाम ह्या गावांच्या मधल्या सुरूच्या बनात मुंबईच्या कुणा मालकाने बांधलेलं एक घर सांभाळायचं. बैठं, कौलारू, पुढे पडवी, आणि खोल्यांपेक्षा मोठं स्वयंपाकघर. सुट्टीला येणाऱ्यांसाठी. दाराशी पाटी, 'स्वयंपाक आपला आपण करावा.' अण्णांनी पाहुण्यांना किल्ली द्यायची, शेगडी पेटवून दाखवायची, भांडी काढून द्यायची आणि जाताना घासूनपुसून परत घ्यायची. स्वतः राहायला मागे एक खोली. आपल्या घरचा ओटा टाकून दुसऱ्याच्या ओट्यावर कांदा चिरायला पैसे मोजणारी माणसं मला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत आली आहेत. पण येतात. गाडीतून तांदूळ, मसाले, मिक्सरसुद्धा घेऊन येतात, आणि नवरे हौसेने मासे साफ करायला बसतात.

त्या बनाचंही माझं फारसं जमलं नाही. सुरूखाली गवत उगवत नाही. वर्षानुवर्षं गळून पडलेल्या सुयांची गादी झालेली असते, तिच्यावर पाऊल पडलं तरी आवाज म्हणून येत नाही. कुणी पाठीशी येऊन उभं राहिलं तरी कळायचं नाही, हे पहिल्याच भेटीत माझ्या ध्यानात आलं. आणि वर शेंड्यात वारा शिरला की पाऊस पडतोयसं वाटतं. वाळत घातलेले कपडे काढायला धावत बाहेर यावं तर लख्ख ऊन. ज्या जागी कानांवर विश्वास ठेवता येत नाही तिथे माझ्या बापाने राहावं, हे मला पटत नव्हतं.

त्यात अण्णा माळकरी. पोरवयात गळ्यात तुळशीची माळ पडली ती आजतागायत. मटण-मासे सोडा, ज्या भांड्यात ते कधीकाळी शिजलं असेल त्या भांड्यातलं पाणीही ते पीत नाहीत. म्हणून आईचं नाव घातलेली चार स्टीलची भांडी त्यांनी बरोबर नेली आणि मागच्या खोलीतल्या फळीवर वेगळी ठेवली. असा माणूस राहायला गेला कुठे, तर जिथे येणारा प्रत्येक पाहुणा पिशवीतून पापलेट घेऊनच उतरतो. लोक हसायचे. मी हसत नव्हते. बाप घर सोडून जातो तेव्हा काहीतरी कारण असतं, आणि ते कारण मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याआधीच्या पावसाळ्यात ते बनात चक्कर येऊन पडले होते. मला कळलं आठवड्याने. "पाव्हण्यांनी उचललं," म्हणाले. भर पावसात, समुद्र खवळलेला, वीज नाही, अशात कोण पाहुणे आले होते? कुठले? विचारलं तर ताकास तूर लागू देईनात. तेव्हापासून कामावर असताना फोन वाजला की माझे हात गार पडायचे. भीती एकच होती. माझा बाप त्या सुयांच्या गादीवर पडेल आणि पडल्याचा आवाजसुद्धा कुणाला येणार नाही. मी ठरवलं, संक्रांतीच्या आत त्यांना परत बोईसरला आणायचं. खोली रिकामी केली, रंग काढला, खिडकीखाली खाट टाकली. अण्णा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'.

मग एका रविवारी मला ते भांडं सापडलं.

अण्णा पाहुण्यांना विहीर दाखवायला गेले होते. मी त्यांच्या खोलीत झाडू मारत होते. खरं सांगायचं तर झाडू हातात होता. खाटेमागे, भिंतीशी, एक मातीचं पसरट भांडं पालथं घातलेलं. बाहेरून काळं, आतून राखेने घासून लख्ख केलेलं. घरातली पाहुण्यांची भांडी सगळी स्टीलची आणि जर्मनची. मातीचं एकही नाही. मी ते उचलून नाकाशी नेलं. राखेच्या आतून मासळी बोलत होती. माती ती, एकदा प्यायली की विसरत नाही.

अण्णा आले. मी भांडं हातातच धरून ठेवलं होतं.

"अण्णा, हे कुणाचं?"

"हाय एकाचं."

"एकाचं की एकीचं?"

"ठेव ते खाली. फुटंल. चहा घेणार का न्हाई?"

चहा मी घेतला. पण पाणी कुठेतरी मुरतंय हे नक्की झालं. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "अगं, मांजर असेल."

"मांजर मातीच्या भांड्यात कालवण करून खातं?"

"तुझ्या बापाचं मांजर आहे, करतही असेल."

ह्या माणसाला आयुष्यात कधी कसला संशय येत नाही. म्हणून तर आम्हा दोघांच्या वाटचा मला घ्यावा लागतो.

नंतरचे आठवडे मी फार मन लावून काढले. रजा, सुट्टी, जे मिळेल त्यात बनात. कधी चकल्या घेऊन, कधी नुसतं "इकडे आलेच होते" म्हणून. त्या दिवसांचं ऊन मला अजून आठवतं, सुरूच्या फांद्यांमधून गाळून आलेलं, पिवळट. किनाऱ्याच्या बाजूला बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत टांगलेले, जबड्यात जबडा अडकवून, ओळीच्या ओळी. वारा आला की सगळे एकदम हलायचे. दुरून ते फार सुंदर दिसतं आणि जवळ गेलं की डोळ्यांत पाणी येतं. सुंदर दिसणाऱ्या गोष्टींबद्दल माझं मत त्यामुळे बदललं नाही.

घराभोवती फिरताना मला काटे सापडायचे. माशाचे, चोखून स्वच्छ केलेले. पाहुणे नसलेल्या दिवशीसुद्धा. आणि गंमत अशी की थोडे घराच्या समुद्राकडच्या अंगाला, थोडे पूर्वेला. मी मनात हिशेब मांडला, खाणारे दोन आहेत. एक इकडे बसतो, एक तिकडे. म्हणजे एक हे आमचे अण्णा. माळ मोडली तर यांनी. पुढच्या खेपेला आत शिरल्या शिरल्या मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. माळ जागच्या जागी. माळ गळ्यात आणि काटे अंगणात, आता बोला.

त्यात भर घातली रिक्षावाल्याने. बोईसर स्टेशनच्या बाहेरचा, ओळखीचा. सिग्नल नसलेल्या चौकात थांबून मागे वळून म्हणाला, "आंटी, कल अंकल को मच्छी मार्केट से बिठाया था. साथ में टोकरी भी थी."

"अंकल को? मच्छी मार्केट से?"

"हां. एक मौसी भी थी. अंकल टोकरी गोद में लेके बैठे थे."

माळकरी माणूस, मांडीवर मासळीची टोपली. राग होता, आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. आईच्या वेळी बाजारातून पिशवी आणायची झाली तर अण्णा ती हातभर लांब धरायचे. तिच्यासाठी त्यांनी कधी काही मांडीवर घेतलेलं मला आठवेना. आई जाऊन दोन वर्षं झाली नव्हती. मला आईसाठी वाईट वाटलं, इतकं की घरी येऊन मी विनाकारण भांडी आपटली.

शेवटी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी न सांगता गेले. माझा उपास होता. डब्यात शिरा घेतला, पकडायला गेलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं म्हणून. रिक्षा रस्त्यावरच सोडली आणि बनातून चालत निघाले. आवाज न करणारी ती जमीन त्या दिवशी माझ्या उपयोगी पडली. दुपार होत आली होती. सकाळचा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा अजून होता, पण दमलेला. एका जाड सुरूआड मी उभी राहिले.

घराच्या समुद्राकडच्या बाजूला तीन दगडांची चूल. तिच्यावर ते मातीचं भांडं. चुलीशी एक बाई, साठीच्या आतबाहेरची, कासोटा घातलेलं लुगडं, उन्हाने रापलेले दंड. तिच्यापासून चांगली दोन माणसं निजतील एवढ्या अंतरावर अण्णा, मांडीवर आईच्या नावाचं ताट. ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी. तिच्या ताटात भात आणि कालवण. दोघं बोलत होती. काय म्हणाल तर कावळ्यांबद्दल. यंदा कावळे फार झालेत, एक लंगडा आहे तो जास्त शहाणा आहे, असलं काहीतरी.

आणि मग वारा फिरला. त्या किनाऱ्यावर दुपारी तो फिरतोच. शेंडे एकदा थांबले, आणि समुद्राकडून खारं वारं आलं. ती बाई बोलता बोलता उठली. एका हातात ताट, फडक्याने धरून दुसऱ्या हातात भांडं, अण्णांच्या मागून वळसा घालून पूर्वेला जाऊन बसली, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं. अण्णा नुसते जागच्या जागी फिरून तिच्याकडे तोंड करून बसले. पाण्याचा तांब्या त्यांनी उचलून मध्ये, तिच्या हाताला येईल असा ठेवला. तिच्या मासळीचा वास त्यांच्या ताटावर जाऊ नये म्हणून ती रोज वारा बघून बसत होती. काटे दोन्हीकडे सापडत होते ते म्हणून.

मला ते दिसलं, कळलंही. पण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच असतं. मी झाडाआडून बाहेर आले.

अण्णांचा घास हातात राहिला. बाईने मात्र मान वर करून मला नीट न्याहाळलं.

"अण्णांची पोर ना? नाक अण्णांचाच हाय," ती म्हणाली. "ये बाय, बस. तिकडं अण्णांच्या बाजूला बस, इकडं तुला वास येल."

"मला उपास आहे," मी म्हटलं. "तुम्ही कोण?"

"मी नर्मदा. नवापूरची. ते बोंबील दिसतान ना, ते माझे. ते टाकून जेवाया घरी गेली तं कावळं नाय ठेवत. मंग हितंच शिजवते."

"आणि भांडं आमच्या अण्णांच्या खोलीत ठेवता."

"बाहेर ठेवला तं कुत्रा फोडतो." ती शांतपणे भात कालवत राहिली. "इचार काय इचारायचा तो. आमी काय लपवून नाय ठेवत. लपवतो तो तुझा बाप."

"काय लपवतात?"

अण्णा म्हणाले, "नर्मदाबाय, ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे? पावसात पडले तवा पावने नव्हते, बाय. मी चिंबोऱ्या धराया आलेली, मी बघलं. आमच्या पोरांना हाका मारून आनलं नि उचललं. तुझा बाप शुद्धीवर आला नि पयला काय बोलला? पोरीला सांगू नको, ती घेऊन जाईल."

इतके महिने ज्या दृश्याने माझे हात गार पडत होते, त्या दृश्यात ही बाई उभी होती आणि मला ठाऊकच नव्हतं. आभार मानायला हवे होते. मी मानले नाहीत. मी अण्णांकडे वळले.

"तेच तर म्हणते मी. बॅग भरा. आजच चला. खोली तयार आहे."

अण्णांनी ताट खाली ठेवलं. त्यांचा स्वर चढला नाही, कधीच चढत नाही.

"खोली चांगली हाय, सुमे. तू पण चांगली हायेस. पर तुझ्याकडं मी झाकून ठिवलेलं जेवतो. टीव्ही लावून. हिथं कुणीतरी समोर बसतं."

"मी काय करू मग? नोकरी सोडू?"

"न्हाई गं. कशाला सोडतीस? तुला सोडाय लागू नये म्हणून तर हिथं आलो."

मी हातातलं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी शिऱ्याचा डबा उघडला. नर्मदाबायने लांबूनच विचारलं, "गोड हाय का? मंग मला पन दे थोडा." मी तिच्या ताटात वाढला, कालवणाच्या शेजारी. तिने आधी शिरा खाल्ला.

संक्रांत आली आणि गेली. रंग काढलेल्या खोलीत आमच्या ह्यांनी इस्त्रीचं टेबल मांडलं. माझा संशय संपला असं कुणी समजू नये. ती दोघं नुसती जेवतात, की आणखी काही, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही, आणि विचारायचं धाडस होत नाही. बाजारात कुणी "अण्णा मजेत दिसतात" म्हणालं की त्या 'मजेत'चा सूर मी तपासून घेते. पण कामावर फोन वाजला की हात गार पडत नाहीत. एवढा फरक पडला आहे, तो कबूल करायला हवा.

आता पुन्हा बोंबील टांगलेत. बनात पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्यात. आणि परवा एक फोन आला.

"ताई, मी नर्मदाबायचा मुलगा. भाईंदरला असतो. सिक्युरिटीत आहे."

आवाज तरुण, सभ्य. आधी तब्येत विचारली, मग बनातल्या घराबद्दल, मग मालकाबद्दल. विचारायची पद्धत चांगली होती. वरवरचं आधी, मुद्द्याचं शेवटी. मी लगेच ओळखलं. आमच्याच जातकुळीतला होता.

"गावात लोक काय काय बोलतात, ताई. तुमचे वडील आणि आमची आई, म्हणजे काय आहे नक्की?"

"जेवतात," मी म्हटलं.

"फक्त जेवतात?"

"समोरासमोर बसून जेवतात."

त्याचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता. तो म्हणाला, "मी आईला इकडे घेऊन येतोय. ह्या महिन्यातच. एकटी पडली-बिडली तर कोण बघणार? फ्लॅट घेतलाय, तिच्यासाठी वेगळी खोली काढलीये. खिडकी पण आहे."

ती गेली तर तीन दगड तिथेच राहतील, आणि माझा बाप वारा कुठून येतोय हे न बघता जेवेल. किंवा जेवणार नाही. ह्या पोरावर रागवावं तर कुठल्या तोंडाने? सगळं बरोबर बोलत होता तो. प्रत्येक शब्द माझ्याच तोंडातला होता.

"ने बाबा," मी शेवटी म्हटलं. "तुझी आई आहे, तुझा हक्क आहे. फक्त एक सांग. दुपारी तिच्या समोर कोण बसणार?"

त्याच्या मागे कुठेतरी गेट सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी हॉर्न वाजवला.

"दुपारी मी ड्युटीवर असतो, ताई," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मीही असते."